जूनमधला हीटर

बाई ट्राममध्ये चढायच्या तेव्हा त्यांच्यापुढे बाबागाडी असायची. ड्रेस्डेनमध्ये बाबागाडी दिसली की दारातला माणूस न सांगता पुढचं चाक उचलतो. तसं कुणीतरी उचलायचं. बाई "डांके" म्हणायच्या, गाडी मोकळ्या जागेत लावून ब्रेक दाबायच्या आणि पिशवीतून विणकाम काढून बसायच्या. वय सत्तरीच्या पुढे. पांढरा अंबाडा, त्यावर सायकलचं हेल्मेट, नवऱ्याचा जुना रेनकोट, पायात लोकरीचे मोजे आणि मोज्यांवर सँडल. सायकल त्यांनी कधीच सोडली होती. हेल्मेट का, असं विचारलं तर म्हणायच्या, "ट्रामही धडकते." बघणाऱ्याला वाटायचं, आजी नातवाला फिरवायला निघाल्या आहेत.

गाडीत बाहुली असायची. सहा-सात महिन्यांच्या बाळाएवढी आणि तेवढ्याच वजनाची. बाई सकाळी स्वयंपाकघरात बसून तिच्या अंगावर खुणा रंगवायच्या. ताज्या माराला बिटाचा रस, कालच्याला काजळ आणि जुन्याला हळद, कारण मुका मार उतरताना पिवळा पडतो. रंगवून झालं की बाहुलीला झबलं, टोपडं घालून त्या निघायच्या.

एकदा ट्राममध्ये मी सोबत होते. झबलं थोडं वर सरकलेलं होतं. एका विद्यार्थ्याने गाडीत डोकावून पाहिलं आणि कानात इअरफोन घातले. एका गृहस्थांनी पाहिलं आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसले. मग हातात जिरेनियमची कुंडी घेतलेली एक बाई वाकली. तिचं हसू थांबलं. ती तशीच उभी राहिली आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "या खुणा कशाच्या आहेत?"

बाईंनी सुया खाली ठेवल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते सोडा. मी तुम्हाला विचारतेय."

"गेनाऊ!" बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिचा मोकळा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "अगदी असंच! असंच विचारायचं!"

बाहुली आहे हे कळल्यावर ती बाई चिडली. तिचं चिडणं रास्त होतं. पुढच्या स्टॉपवर बाईंनी तिला खाली उतरवलं, कॉफी पाजली, केक खिलवला आणि कुंडीला पाणी मागून घातलं. आम्हाला वर्गात पोहोचायला उशीर झाला. तिथे बाईंनी उशिराचं कारण हाच त्या दिवसाचा पहिला धडा केला.

तो वर्ग बालसंरक्षणाचा होता. डॉक्टर, दंतवैद्य, सुइणी, फिजिओथेरपिस्ट अशा परवानाधारक मंडळींना मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर काय करायचं, कुणाशी बोलायचं, कुणाला कळवायचं, हे त्यात शिकवलं जायचं. जर्मनीत डॉक्टरांना ठरावीक काळात प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. या वर्गाचे गुण मिळत, म्हणून निम्मे लोक गुणांसाठी येत. बाईंना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. "भुकेने आला काय आणि वासाने आला काय, जेवला म्हणजे झालं," म्हणायच्या.

त्या मूळच्या मिरजेच्या. शिष्यवृत्तीवर इथे वैद्यकीय शिक्षणासाठी आल्या तेव्हा हा पूर्व जर्मनी होता. पुढे मुलांच्या सर्जन झाल्या, इथे भेटलेल्या एका पियानो जुळवणाऱ्याशी लग्न केलं आणि इथेच निवृत्त झाल्या. नवऱ्याला त्या "अहो" म्हणायच्या. इतकी वर्षं जिन्यातून ही हाक ऐकून शेजारचे लोकही त्यांना "हेर आहो", म्हणजे "श्रीयुत अहो", म्हणू लागले होते. त्यांची तक्रार नव्हती. ते फार बोलत नसत.

इथल्या मराठी मंडळात बाईंबद्दल आदर होता आणि थोडी धास्तीही. गणपतीच्या कार्यक्रमाला त्या येणार असं कळलं की आया मुलांना बजावायच्या, "आज पडायचं नाही हं." एका छोट्याने तरीही गुडघा फोडून घेतला. त्याच्या वडिलांनी बाईंकडे जाऊन आपणहून खुलासा केला की तो घसरगुंडीवरून पडला, साक्षीदार आहेत. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "गुडघ्याला मी घाबरत नाही. पळणाऱ्या मुलाचे गुडघे फुटलेलेच असतात. न पळणाऱ्याचे फुटले की मला बोलवा." मग त्यांनी मोदक मागितला.

यामागे एखादी दुःखद हकिगत असणार, असा मंडळात समज होता. मीही एकदा विचारलं. पुण्यात मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलेलं, तेव्हा विचारणं अंगवळणी पडलं होतं. बाई म्हणाल्या, "हकिगत काही नाही गं. हाड कसं जोडायचं ते मला सहा वर्षं शिकवलं. हाड कसं मोडलं हे आईबापांना कसं विचारायचं, ते अर्धा तासही शिकवलं नाही. मला ते चुकीचं वाटलं. बस्स."

मला त्यांनी कामावर घेतलं तेही डेस्कच्या जोरावर. नवरा चिपच्या कारखान्यात लागल्यामुळे मी ड्रेस्डेनला आले होते आणि जर्मन शिकत घरी बसले होते. बाईंना वर्गात आईची भूमिका करायला कुणीतरी हवं होतं. त्यांनी विचारलं, "उगाच रडायचं नाही, उगाच हसायचं नाही, आणि कागदावर दिलंय त्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही. जमेल?"

"इतकी वर्षं तेच करत होते," मी म्हटलं.

बाईंचे नियम मला ओळखीचे वाटले. वर्गात विशेषणांना बंदी होती. कुणी "संशयास्पद खूण" म्हणालं की बाई टेबलावर सुई आपटायच्या. "संशयास्पद हा रंग आहे का? रंग सांगा. आकार सांगा. कुठे आहे ते सांगा. आई काय म्हणाली ते तिच्या शब्दांत सांगा, तुमच्या नको." आमचे वृत्तसंपादक हेच म्हणायचे, फक्त त्यांच्या हातात सुई नसायची.

कायदा त्या थोडक्यात सांगायच्या. आमच्या राज्यात डॉक्टरने शंका येताच तक्रार केलीच पाहिजे, अशी सक्ती नाही. आधी पालकांशी बोलायचं, त्यांना मदत घ्यायला राजी करायचं. नाव न सांगता अनुभवी तज्ज्ञाचा सल्ला घेता येतो. एवढ्यानेही मुलाचा धोका टळत नसेल तर युगेंडआम्टला, म्हणजे मुलांच्या हिताचं बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवायचं. बोलण्यानेच मुलाचा धोका वाढणार असेल तर न बोलता कळवायचं. काही राज्यांत नियम याहून कडक आहेत. "नियम वाचता येतात," बाई म्हणायच्या. "अडतं कुठे? 'आधी पालकांशी बोलायचं' इथे. तिथे सगळ्यांची वाचा बसते."

म्हणून त्यांनी एक वाक्य बसवलं होतं. प्रत्येकाने उभं राहून ते मला, म्हणजे आईला, म्हणायचं: "तुमच्या बाळाच्या अंगावर मला खुणा दिसतायत. त्या कशा झाल्या असतील ते मला समजत नाहीये आणि मला बाळाची काळजी वाटते. मला सांगाल का?" त्यात "माफ करा" म्हणायचं नाही, "हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो" म्हणायचं नाही, खिडकीबाहेर बघायचं नाही. हे वाक्य धड म्हटल्याशिवाय बाई प्रमाणपत्रावर सही करत नसत.

ऐकायला सोपं आहे. शहरातले अनुभवी डॉक्टर माझ्यासमोर उभे राहायचे आणि घसा खाकरायचे. एका दंतवैद्याने ते सगळं बाहुलीला सांगितलं. एक तरुण मुलांची डॉक्टर होती, लाल फ्रेमचा चष्मा लावणारी. ती दर वेळी "माफ करा" म्हणूनच सुरुवात करायची. बाईंनी तिला खाली बसू दिलं नाही. जेवणाची सुट्टी झाली, बाकीचे बाईंनी आणलेला चिवडा खाऊ लागले, तरी ती उभी आणि समोर मी. मी तेव्हा अतिगोड आईच्या भूमिकेत होते. माझ्याकडे तीन आया होत्या: रडणारी, भांडणारी आणि अतिगोड. अतिगोड सगळ्यात अवघड, कारण ती डॉक्टरचंच सांत्वन करते. शेवटी त्या मुलीने वाक्य म्हटलं. मान लाल झाली होती, पण माफी मागितली नाही. बाईंनी तिला चिवड्याची वाटी दिली आणि सही केली.

आमच्या खालच्या मजल्यावर मुग्धा आणि निखिल राहायचे. त्यांचा ओजस सात महिन्यांचा होता. मे महिन्यात निखिलची आई सांगलीहून आली. सगळे त्यांना आजीच म्हणत. आजींनी येताच घराचा ताबा घेतला. ओजसला तेल लावून न्हाऊ घालणं, धुरी देणं, दृष्ट काढणं हे सगळं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सुरू झालं. धुरीने एकदा धुराचा अलार्म वाजला आणि आजींनी त्याचीही दृष्ट काढली.

जूनमधल्या एका दुपारी मुग्धा माझ्या दारात आली. ओजस कडेवर होता, निखिल मागे फोन घेऊन उभा.

"ताई, ते आमचं बाळ काढून घेणार."

तिला बसवून मी एकेक विचारून घेतलं. सकाळी ओजसची नेहमीची तपासणी होती. डॉक्टरने कपडे काढले आणि बेंबीभोवती काळ्या कडांचे चार फोड दिसले. आठवड्यापूर्वी ओजसचं पोट बिघडलं होतं आणि आजींनी, घरात कुणी नसताना, बेंबीभोवती बिब्ब्याच्या फुल्या घातल्या होत्या. बिब्ब्याचं तेल कातडीला भाजतं. आजींच्या घरात पिढ्यान् पिढ्या पोटदुखीवर हाच उपाय होता. बिब्बा त्यांनी सांगलीहून जिऱ्याच्या पुडीत आणला होता.

"मग डॉक्टरला तू काय सांगितलंस?"

मुग्धाने निखिलकडे पाहिलं. निखिल म्हणाला, "हिने सांगितलं की रांगताना हीटरला लागलं."

"आईंचं नाव कसं सांगणार?" मुग्धा म्हणाली. "त्या परक्या लोकांसमोर? त्यांना काय वाटलं असतं, यांच्याकडे म्हाताऱ्या मुलांना डागतात?"

डॉक्टरने तिला सांगितलं होतं की आपण नाव न घेता एका तज्ज्ञाचा सल्ला घेऊ, उद्या सकाळी परत या आणि बाळाला सांभाळणारे घरातले सगळे या. युगेंडआम्ट म्हणजे काय आणि ते कधी मध्ये येतं, हेही तिने समजावलं होतं. मुग्धाने त्यातला तो एकच शब्द ऐकला होता. निखिल फोनवर पुण्याची विमानं बघत होता.

"डॉक्टर लाल चष्म्याची आहे का?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मुग्धाचा चेहरा उजळला. "म्हणजे बाईंची विद्यार्थिनी? ताई, मग बाईंनी एक फोन केला की झालं! त्यांना बिब्बा माहीत असणारच. आपल्याच आहेत त्या."

मी बाईंकडे गेले. बाई स्वयंपाकघरात बाहुली धूत होत्या. शेजारच्या खोलीत हेर आहो पियानोची एकच पट्टी पुन्हा पुन्हा वाजवून बघत होते. मी सगळं सांगितलं. बाईंनी मध्येच थांबवलं.

"डॉक्टर काय म्हणाली? तिच्या शब्दांत."

मुग्धाने मला सांगितलं होतं ते मी सांगितलं. ते बाईंचंच वाक्य होतं, एकही शब्द न बदललेलं.

"माफ करा म्हणाली?"

"नाही."

"हां." बाईंनी बाहुलीचं डोकं पुसलं. बराच वेळ पुसलं. "आणि आई काय म्हणाली?"

"रांगताना हीटरला लागलं."

"जूनमध्ये?" बाई म्हणाल्या. "अगं, एप्रिलनंतर या शहरात हीटर चालू असतो का? आणि रांगतो का तो?"

"नाही. डॉक्टरने त्याआधीच विचारलं होतं, रांगतो का. तेव्हा मुग्धा म्हणाली होती, अजून नाही."

बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "शाब्बास! अत्याचार करणारी सुद्धा याहून बरं खोटं बोलते." मग हसू गेलं. "खुणेने डॉक्टर घाबरत नाही. खूण एक सांगते आणि आई दुसरं, तेव्हा घाबरते. घाबरायलाच हवं. मी असते तर मीही घाबरले असते."

"पण तुम्हाला माहीत आहे की हा बिब्बा आहे."

बाईंनी सँडल काढली, उजवा मोजा ओढून काढला आणि टाच माझ्यापुढे धरली. टाचेवर एक जुनी काळपट फुली होती. "आमच्या आजीची. मला माहीत आहे म्हणजे काय, दुखलेलंही आठवतंय."

"मग एक फोन करा ना, बाई."

"नाही."

शेजारच्या खोलीत पट्टी वाजली. बाईंनी ती विरेपर्यंत वाट पाहिली.

"मी त्या मुलीला जेवणाच्या सुट्टीत उभी ठेवली, ती कशासाठी? विचारायचं धैर्य यावं म्हणून. आज तिने विचारलं. आणि मी फोन करून सांगू, सोड, ते माझ्या ओळखीचे आहेत? म्हणजे ती काय शिकेल? की ओळखीचा फोन आला की थांबायचं. उद्या दुसऱ्या कुणाचा काका फोन करेल. तोही चांगल्या घरातला असेल. आणि त्या पोराला खरंच मार बसत असेल."

मी जायला उठले.

"त्यांना सांग, उद्या जायचं आणि खरं सांगायचं. सगळं. आजींनी स्वतः जायचं, बिब्बा बरोबर घेऊन. तू दुभाषी म्हणून जा. दुभाषी, वकील नाही. ते म्हणतील तेवढंच सांगायचं." मोजा चढवता चढवता त्या थांबल्या. "आणि त्या निखिलला सांग, तिकीट काढलंस तर मात्र मी फोन करेन. डॉक्टरला नाही. युगेंडआम्टला."

हा निरोप मी शब्दशः पोहोचवला. आजींनी तो ऐकला आणि म्हणाल्या, "मिरजेची बाई आणि एक फोन करवत नाही तिला!" शेजारच्याच मिरजेची असून नाही म्हणाली, हे त्यांना सर्वांत जास्त लागलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन आजीच दारात उभ्या होत्या. इरकली नेसून, हातात जिऱ्याची पुडी.

दवाखान्याच्या खोलीत मी यापूर्वी अनेकदा बसले होते, पण ती वर्गातली टेबलं सरकवून केलेली खोटी खोली असे. इथे भिंतीवर जिराफ होता आणि ओजस त्याच्याकडे बघून हात हलवत होता. डॉक्टरने मला ओळखलं, मान हलवली आणि विषय काढला नाही. मग तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी आजींकडे बघून. मान लाल झाली. खिडकीकडे पाहिलं नाही.

मला माझ्या तीनही आयांची उत्तरं पाठ होती. त्यांतलं एकही इथे कुणी दिलं नाही. आजींनी विचारलं, "काय म्हणते ही?" मी भाषांतर केलं. आजींनी पुडी उघडली, बिब्बा टेबलावर ठेवला, पदरातून सुई काढली आणि सुई कशी तापवतात, कशी बुडवतात, फुली कशी घालतात, ते हवेत करून दाखवलं. डॉक्टरने हातमोजे घालून बिब्बा उचलला, फिरवून पाहिला आणि त्याचा फोटो घेतला.

"का केलं?"

"पोट दुखत होतं त्याचं. पाय पोटाशी घेऊन रडत होता. मी केलं. हिला काही माहीत नव्हतं."

डॉक्टर मुग्धाकडे वळली. "मग तुम्ही हीटर का म्हणालात?"

मुग्धाने जर्मनमध्ये सुरुवात केली, अडखळली आणि मराठीत म्हणाली, "त्या माझ्या सासूबाई आहेत."

मी भाषांतर केलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "हो," ती म्हणाली. "मलाही आहे."

हेही मी आजींना सांगितलं. बाईंनी ताकीद दिली होती, कुणी म्हणेल ते सगळं सांगायचं.

मग डॉक्टरने ओजसला झोपवून फोड पुन्हा पाहिले. हे रसायनाने भाजणं आहे, ती म्हणाली. तीन फोड सुकतायत, एकात पू झालाय, त्याला मलम लागेल. तापमान पाहिलं, वजन पाहिलं, बाळ कुणाकडे हात पसरतं तेही पाहिलं. ओजसने आजींकडे पसरले. पोट बिघडलं तर कधी घरी थांबायचं आणि कधी लगेच यायचं, हे तिने लिहून दिलं. शेवटी म्हणाली, "मी आज कुठेही कळवत नाही. पुढच्या आठवड्यात परत आणा. अशी खूण पुन्हा दिसली तर कळवेन, आणि कळवण्याआधी तुम्हाला सांगेन."

निघताना आजी थांबल्या. "तिला विचार, त्याला दुखलं असेल का?"

मी विचारलं. डॉक्टर म्हणाली, "हो. फार."

आजींना भाषांतर लागलं नाही. त्यांनी टेबलावरचा बिब्बा उचलला नाही, तो तिथेच राहिला. घरी येईपर्यंत त्या ट्राममध्ये ओजसचा पाय हातात धरून बसल्या होत्या.

संध्याकाळी बाई आल्या, हेल्मेट आणि चिवड्याचा डबा घेऊन. आजींनी दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. "आलात? काम झाल्यावर?"

"काम व्हायच्या आधी येण्यात अर्थ नव्हता," बाई म्हणाल्या आणि आत येऊन बसल्या. आजी चहा करणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्यांनी केला, पण साखर न विचारता घातली. बाईंनी मोजा काढून टाच दाखवली. आजी वाकून बघू लागल्या.

"कुणी घातली?"

"आजीने. फार जीव होता तिचा माझ्यावर. तिने प्रेमाने घातली हे खरं, आणि भाजलं हेही खरं."

"दुखणं थांबलं होतं का?"

"ते आठवत नाही. फुली आठवते."

आजींनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. त्यांच्या पोटावरही फुल्या होत्या, असं पुढे मुग्धाने सांगितलं. बराच वेळ दोघी मिरज-सांगलीबद्दल बोलत राहिल्या. कुठलं शहर मोठं यावर त्यांचं एकमत झालं नाही. निघताना बाई म्हणाल्या, "जुलैत माझा वर्ग आहे. मला आजी पाहिजे. येता?"

"मला त्यांची भाषा कुठे येते?"

"म्हणूनच. माझ्या लोकांना त्याचाच सराव हवाय."

बाई आता नवऱ्यासोबत त्याच्या गावी, समुद्रकाठी राहतात. वर्ग दुसऱ्या एका डॉक्टरीणबाई घेतात, लाल चष्म्याच्या. बाहुली त्यांच्याकडे गेली. खुणा त्या विकतच्या रंगांनी काढतात आणि बाईंना ते पसंत नाही. फोनवर अजून विचारतात, "हळद का नाही वापरत?" सुईऐवजी नव्या डॉक्टरीणबाई पेन आपटतात. चिवडा मी नेते.

पण वर्ग म्हटला की मला जुलैतला तोच आठवतो. आजी इरकली नेसून खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर बाहुली. बाहुलीच्या बेंबीभोवती बाईंनी काजळाने चार ठिपके काढले होते. मी शेजारी दुभाषी. बाईंनी वर्गाला प्रसंग जूनमधला आहे असं सांगितलं होतं आणि आजींना बजावलं होतं, तुम्ही खोटं बोलायचं आणि शेवटपर्यंत त्यावर ठाम राहायचं. एक सुईण उभी राहिली. उंच, तरुण, नुकताच परवाना मिळालेली. तिने वाक्य अचूक म्हटलं, माफी न मागता. मी भाषांतर केलं.

आजी बाहुलीला थोपटत म्हणाल्या, "रांगताना हीटरला लागलं हो." आवाज इतका सहज होता की क्षणभर मलाही खरं वाटलं.

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. सुईण म्हणाली, "अच्छा. हो, लागतं कधीकधी. जपायला हवं." आणि ती खाली बसायला निघाली. वर्गातल्या कुणीही हरकत घेतली नाही. खिडक्या सताड उघड्या होत्या, लोक हातातल्या कागदांनी वारा घेत होते. बाईंनी सुई उचलली, पण त्यांच्या आधी आजीच खुर्चीवरून उठल्या. बाहुली काखेत मारून त्यांनी त्या सुइणीचा दंड धरला आणि तिला पुन्हा उभं केलं.

"अगं, जूनमध्ये हीटर कसला?" आजी मराठीत ओरडल्या. "विचार की मला!"

मी शब्दशः भाषांतर केलं.